फी तीनशे, चहासकट : 'न्याय, बलिदान, क्षमा' शिकवणाऱ्या एका वर्गाविषयी

सांगलीतल्या एका ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, 'न्याय, बलिदान, क्षमा' या विषयावर संध्याकाळचा वर्ग चालवला. राखेच्या बुधवारनंतर (लेंटचा पहिला दिवस) सुरू, ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात समाप्त, दर बुधवारी साडेसहा ते आठ. फी तीनशे रुपये. त्यात चहा, झेरॉक्सची फाईल आणि शेवटच्या दिवशी अल्पोपाहार. पुढच्या लेंटमध्ये परत घेणार आहेत असं कळलं, आणि ओळखीतल्या दोघातिघांनी 'कसा आहे, जाऊ का?' विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. घाईत असाल तर एवढंच वाचा : जा. शिकवणं उत्तम आहे. शेवटच्या संध्याकाळी मात्र घरी थांबलात तरी काही बिघडत नाही.

मंडळीचं आणि शिकवणाऱ्या सरांचं नाव लिहीत नाही. खाली दोन-चार गोष्टी स्पष्ट लिहिल्यात, आणि सांगली-मिरजेत आपला समाज तो केवढा, निम्मे एकमेकांचे व्याही. ओळखायचं ते ओळखतील.

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, मार्चचा उकाडा, पंख्यांचा आवाज माइकपेक्षा मोठा. मिरजेहून येणाऱ्याला सिटी बस जवळपास दारात सोडते. चहा आल्याचा आणि वेळेवर. सुरुवातीला पेटी-तबल्यावर एक पद म्हणायचे, बहुतेक वेळा ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. वर्गातही तसंच होतं. मागच्या रांगेत दोन वारकरी घरातले कॉलेजकुमार नियमाने यायचे, आणि सगळ्यात टोकदार प्रश्न त्यांचेच असायचे.

आता मी कोणत्या चष्म्यातून बघतो ते सांगतो. मी सांगली कोर्टात बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांसमोर बसणारा कारकून, होतो. राजवाड्यातल्या जुन्या इमारतीत नोकरीला लागलो, विजयनगरच्या नव्या इमारतीतून निवृत्त झालो. पुकारा, रोजनामा, मुद्देमाल, तारखा यांत आयुष्य गेलं. घराणं मिरजेचं, आजी मिशन हॉस्पिटलात आया होती, डॉ. वानलेसांनी १८९४ मध्ये काढलेल्या त्याच दवाखान्यात. म्हणजे रविवारी उपासना, सोमवारी कोर्ट. रविवारी ऐकायचं की सत्तर वेळा सात क्षमा कर, आणि सोमवारी बघायचं की सख्खे भाऊ बांधाच्या हातभर जागेसाठी पंधरा वर्षं लढताहेत. या दोन्हींची सांगड कुणी नीट घालून देईल, अशी आशा मी सोडली होती. या वर्गाने ती बऱ्यापैकी घालून दिली, म्हणून तीनशे रुपये वसूल झाले असं मी म्हणतो.

पहिली संध्याकाळ न्यायाची. नेहमीचे उपदेशक इथं 'देव न्यायी आहे' म्हणून पुढे सरकतात. सर सरकले नाहीत. त्यांनी येशूचा खटलाच कागदपत्रं लावावीत तसा टेबलावर लावला. अटक रात्री, चौकशी रात्रीच, तीही महायाजकाच्या, म्हणजे मुख्य पुरोहिताच्या, वाड्यात. साक्षीदार पुष्कळ आले, पण त्यांच्या साक्षी जुळेनात, हे मार्क आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, स्वच्छ लिहितो. आणि यहुदी नियमशास्त्र तर म्हणतं की दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी. यहुद्यांच्या धर्मसभेपुढे आरोप देवनिंदेचा. रोमी सुभेदार पिलातापुढे येईपर्यंत आरोपपत्रच बदललं : हा कैसराला, म्हणजे रोमच्या बादशहाला, कर देऊ नका म्हणतो, स्वतःला राजा म्हणवतो. म्हणजे राजद्रोह. आरोपी गालीलचा आहे कळताच पिलाताने अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढून त्याला गालीलचा सत्ताधारी हेरोद याच्याकडे धाडलं. तिथून कागद जसाच्या तसा परत.

मग सरांनी लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय काढायला लावला आणि पिलात 'मला याच्यात दोष सापडत नाही' असं किती वेळा म्हणतो ते पेन्सिलीने खुणावायला सांगितलं. तीनदा. तीनदा निर्दोष असल्याचा शेरा आणि खाली हुकूम वधस्तंभाचा! मी नोकरीत निकालपत्रांच्या थप्प्याच्या थप्प्या हाताळल्या. कारणमीमांसा एक आणि आदेश भलताच, असं निकालपत्र अपिलात एक तारीखसुद्धा टिकलं नसतं. त्याच फायलीत बरब्बा. दंगा आणि खून, दोन्ही नावावर, तो येशूऐवजी सुटला. वधस्तंभाचा अर्थ काय यावर पुढे ग्रंथ लिहिले गेले, पण त्या सकाळी 'माझ्या जागी हा मेला' असं शब्दशः म्हणू शकणारा माणूस एकच होता, आणि तो तुरुंगातून बाहेर पडून गर्दीत नाहीसा झाला.

यावरून सरांनी काढलेला मुद्दा मला अजून पटतो. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी एक चुकीचा निकाल आहे, त्या धर्माच्या लोकांनी 'न्यायबिय काय, देवावर सोडा' म्हणायचं नसतं. पिलातानेही हात धुऊन असंच अंग काढून घेतलं होतं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत.

बलिदानावर दोन बुधवार गेले. पहिला मला थोडा लांबल्यासारखा वाटला, कारण बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातली पाच अर्पणं, होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण, यांचा तक्ता फळ्यावर काढण्यात अर्धा तास गेला आणि फळा चकाकत होता. पण त्या तक्त्यातून निघालेल्या दोन गोष्टी मी वहीत चौकट करून ठेवल्यात.

एक, ऐपतीची. पापार्पणाला मेंढरू आणायची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतात. तीही परवडत नसतील तर थोडा सपीठ चालतो. म्हणजे क्षमा मागायला आलेल्या गरिबाला दारातून परत पाठवायचं नाही. कोर्टातही गरिबाला कोर्ट फी माफ असते, पण त्यासाठी तो गरीब आहे हे शाबीत करताना त्याच्या चपला झिजतात. येशूच्या आईबापांनी मंदिरात पक्ष्यांचंच अर्पण नेलं होतं, मेंढराचं नाही, हे लूक सांगतो. हे मी लहानपणापासून नाताळात ऐकत आलो. त्यातून त्या घरची परिस्थिती कळते, हे कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट दोषार्पणाची, आणि माझ्या मते सगळ्या वर्गाची किल्ली तिच्यात आहे. लेवीय, सहावा अध्याय. कुणी शेजाऱ्याची ठेव गिळली, लुबाडलं, सापडलेली वस्तू नाकारली, खोटी शपथ घेतली, तर त्याने काय करायचं? आधी ती वस्तू पुरती परत द्यायची. वर पाचवा हिस्सा भरायचा. ज्याची आहे त्याच्या हातात द्यायची. आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे जायचं. मुद्दल, वर वीस टक्के, आणि त्यानंतर देऊळ. मी सरांना म्हटलं, "सर, असा हुकूमनामा आमच्याकडे निघाला असता तर दरखास्तीचा, म्हणजे अंमलबजावणीचा, विभागच बंद करावा लागला असता."

आपल्याकडे जत्रेत बकरं पडतं, त्यामुळे बळी म्हणजे देवाला काहीतरी चारून गप्प करणं, अशी समजूत आपल्या ख्रिस्ती लोकांतही आत कुठेतरी बसलेली असते. संदेष्टे, म्हणजे बायबलात देवाचा निरोप सांगणारे, त्याच समजुतीवर तुटून पडलेत. त्यांतला आमोस तर देवाच्या तोंडून म्हणतो की तुमचे सण मला नकोत, तुमची अर्पणं नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. कृष्णाकाठच्या माणसाला वाहतं पाणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या बुधवारी 'येशू आपल्या पापांसाठी मेला' हा विषय निघाला, आणि त्या कॉलेजकुमारांपैकी एकाने विचारलं, "एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला, तीही निरपराध माणसाला, यात न्याय कुठं आला?" हॉल शांत. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी 'हे विश्वासाचं गूढ आहे' म्हणून चहा मागवतात. सरांनी उलट त्या मुलाच्या हातात आणखी दारूगोळा दिला. बायबलातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, चोविसावा अध्याय : मुलांबद्दल बापाला मारू नये, बापाबद्दल मुलांना मारू नये, ज्याने त्याने आपल्याच पापाबद्दल मरावं. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्यायही तेच सांगतो. "म्हणजे तुझी हरकत शास्त्रातलीच आहे," सर म्हणाले, "आता उत्तरही तिथंच शोधू."

मग त्यांनी थोडक्यात इतिहास सांगितला. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म म्हणाला, पापाने देवाच्या मानाचं देणं थकलंय, माणसाला ते फेडता येत नाही, म्हणून देव माणूस झाला. पुढच्या शतकात पॅरिसचा अबेलार म्हणाला, वधस्तंभ हिशोब मिटवायला नाही, माणसाचं मन पालटायला आहे. एवढं प्रेम बघून कोण तसाच राहील? सोळाव्या शतकातल्या कॅल्विनने ते शिक्षेच्या भाषेत मांडलं, आपली शिक्षा त्याने भोगली. कॅल्विन कायदा शिकलेला होता हे ऐकून मला बरं वाटलं. तिघांची बाजू सरांनी सारख्याच ताकदीने मांडली. आपल्या मंडळ्यांत कॅल्विनच चालतो, तरी.

इथं मला राहवलं नाही. मी उभा राहून सांगितलं की कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देणं दुसरा फेडू शकतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. जामीनदाराने पैसे भरले की सावकाराची तक्रार संपली, कुणी अन्याय झाला म्हणत नाही. पण सजा दुसरा भोगू शकत नाही. थोरल्या भावाला तीन वर्षं लागली आणि धाकटा म्हणाला मी बसतो, तर जेलर त्याला हाकलून देईल. बायबल दोन्ही भाषा वापरतं, खंडणीची (मोल भरून सोडवण्याची) आणि शिक्षेची, आणि गोंधळ तिथंच होतो.

सर म्हणाले, "बरोबर. पण तुमच्या दोन्ही उदाहरणांत तिसरा माणूस आहे. फिर्यादी, आरोपी, आणि मध्ये पडलेला तिसरा. शुभवर्तमानात तिसरा नाहीच. ज्याचं नुकसान झालं तोच ते सोसतोय. देव कुणा निरपराध वाटसरूला पकडून झोडत नाही. फिर्यादीच स्वतःच्या खिशात हात घालतोय."

हे वाक्य मी घरी नेलं. कारण नोकरीत हे रोज बघितलं होतं, असं म्हटलं मात्र कधी नव्हतं. तडजोडीची पुरसिस, म्हणजे पक्षकारांचं लेखी निवेदन, दाखल होते, त्यावर सह्या होतात, साहेब 'दावा निकाली' लिहितात आणि सगळ्यांना वाटतं की वाद हवेत विरला. विरत काही नाही. कुणी दहा हजार सोडले तर ते दहा हजार सोडणाऱ्याच्याच घरातून गेलेले असतात. त्याच्या मुलीची फी, त्याचं पत्र्याचं छप्पर, काहीतरी त्या दहा हजारांवर थांबलेलं असतं. क्षमा फुकट असते ती घेणाऱ्याला. देणारा तिची पूर्ण किंमत मोजतो. आणि हे एकदा मान्य केलं की पुढचं आपोआप येतं : तो खर्च करायचा की नाही हे ज्याचे पैसे त्यानेच ठरवायचं. 'माफ करून टाका हो' असा आग्रह धरणारा तिऱ्हाईत दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करत असतो.

क्षमेच्या पहिल्या संध्याकाळी याची परीक्षाच झाली. तासगावकडच्या एक ताई वर्गाला यायच्या. (गाव आणि नातं थोडं बदलून लिहितोय.) तोपर्यंत एक शब्द बोललेल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि माइक न घेताच म्हणाल्या, "सर, मालक वारल्यावर दिरानं बाग स्वतःच्या नावावर करून घेतली. वाटणीचा दावा चालू आहे. दीर दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेतो. मंडळीचे पाळक मला म्हणतात, मनात राग ठेवून भोजनाला येऊ नका. म्हणजे बाग त्यांनी खाल्ली, आणि उपाशी मी?"

पंखे तेवढे फिरत होते. सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढा म्हणाले, तेविसावं वचन, आणि ताईंनाच वाचायला सांगितलं. तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. सर म्हणाले, "ताई, आता सांगा, इथं वेदीजवळून कुणी उठायचंय? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. ज्याची तक्रार आहे त्याला इथं कुणी उठवलेलं नाही."

ताईंनी ते वचन पुन्हा एकदा वाचलं, या खेपेला मनातल्या मनात. मग खाली बसून पर्समधून पेन काढलं आणि हातावरच आकडा लिहून घेतला. फाईल मांडीवरच होती, पण हातावर.

त्यानंतर सरांनी मत्तयचा अठरावा अध्याय घेतला आणि तिथं माझ्यातला बेंच क्लार्क सुखावला. येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सत्तर वेळा सात. यावर सगळ्यांनीच उपदेश ऐकलेत. पण त्याच अध्यायात त्याच्या थोडं आधी कार्यपद्धती दिलेली आहे, ती उपदेशात गाळतात. भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, म्हणजे साक्षीदार झाले. तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांड. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परका. नोटीस, साक्षीदार, मंच, आदेश. हे सगळं झाल्यावर सत्तर वेळा सात. अपराध झाला हेच जिथं मान्य नाही, तिथं क्षमेचा गुणाकार सुरू कुठून करायचा?

आणि मग निष्ठुर चाकराचा दाखला, म्हणजे येशूने तिथंच सांगितलेली गोष्ट. राजाने त्याचे दहा हजार तालान्त सोडले. त्याने बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार. सरांनी फळ्यावर गुणाकार करायला मलाच बोलावलं : सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं. अशा रकमेची दरखास्त घेऊन कुठला बेलिफ कुणाच्या दारात जाणार? राजाने सोडलेलं कर्ज वसूल होण्यासारखं नव्हतंच, पण तोटा मात्र खरा होता आणि तो राजाने पचवला. आजवर हा दाखला 'माफ कर नाहीतर बघ' असा दम म्हणून ऐकला होता. इथं पहिल्यांदा राजाच्या नुकसानीकडे बघितलं.

एक राहिलं, जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, अर्धं द्रव्य गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. नियमशास्त्रात चोरून मारलेल्या मेंढराला चौपट भरपाई आहे, म्हणजे जक्कयने स्वतःला चोराचा दर लावून घेतला. 'आज या घराला तारण प्राप्त झालं आहे', म्हणजे उद्धार झाला, हे येशूने त्यानंतर म्हटलं. आधी नाही.

आता तक्रारी.

आजच्या काळातलं उदाहरण म्हणून सरांनी ग्लॅडिस स्टेन्स यांचं दिलं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, तिमथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि पुढची काही वर्षं बारीपदाला राहून कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. इथपर्यंत ठीक. पण सर इथंच थांबले, आणि एवढंच ऐकून माणूस घरी गेला तर त्याला वाटेल की क्षमा केली, विषय मिटला. खटला मिटला नव्हता. मुख्य आरोपीला खालच्या कोर्टात फाशी, २००५ मध्ये हायकोर्टात जन्मठेप, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती जन्मठेप कायम ठेवली. खून तडजोडपात्र गुन्हा नाही. आधी फौजदारी संहितेच्या ३२० कलमात तडजोडपात्र गुन्ह्यांची यादी होती, आता नव्या संहितेत कलम ३५९, आणि खून दोन्हींत नाही. विधवेने आपल्या वाट्याचं सोडलं, सरकारने आपल्या वाट्याचं धरून ठेवलं, आणि दोन्ही बरोबरच होतं. याच्या शेजारी इंदूरच्या सिस्टर राणी मारियांचं उदाहरण ठेवायला हवं होतं. १९९५ मध्ये त्यांचा खून झाला, त्यांच्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, आणि घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठीही शब्द टाकला. तिथं क्षमा आणखी एक पायरी पुढे गेली, पण अकरा वर्षं सजा भोगून झाल्यावर. आणि गुलगुथ्याच्या टेकडीवर येशूच्या शेजारी वधस्तंभावर दिलेला तो पश्चात्तापी चोर! त्याला सुखलोक मिळाला, वधस्तंभावरून खाली कुणी उतरवलं नाही. या तिघांना एका संध्याकाळी एकत्र बसवलं असतं तर वर्गाचं सोनं झालं असतं.

दुसरी तक्रार मोठी. बायबलातलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, त्याचा सहावा अध्याय, वर्गात उघडलाच नाही. तिथं पौल खडसावतो की भाऊ भावावर परक्यांच्या कोर्टात जातो हे काय चाललंय, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? आता हेच वचन ताईंच्या दिराकडची मंडळी घोळून घोळून म्हणत असणार, हे मला कोर्टाच्या अनुभवावरून न विचारता माहीत आहे. त्याच्या लगतच्या वचनात पौल म्हणतो की उलट तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. हे मात्र कुणी म्हणत नसणार. शिवाय पौल तिथं विचारतोच की तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही का? म्हणजे मंडळीने निवाडा करायची जबाबदारी घेतली, तरच तिला 'कोर्टात जाऊ नका' म्हणायचा अधिकार. आमच्याकडे लोकअदालत भरते तशी मंडळीत कधी भरलेली मी तरी ऐकली नाही.

तिसरी तक्रार शेवटच्या संध्याकाळची. सर नव्हते, बाहेरून एक वक्ते आले होते. कीबोर्डवर संथ सूर, दिवे मंद, पुढे लाकडी क्रूस, टेबलावर खिळे आणि हातोडी. प्रत्येकाला एक चिठ्ठी. ज्याला क्षमा करायची आहे त्याचं नाव लिहा, ठोका, आणि हलके होऊन घरी जा. इतके बुधवार सरांनी जे कष्टाने बांधलं ते दहा मिनिटांत उसवलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी रांगेत उभं राहून हातोडी चालवायची, आणि ज्यांनी केलं त्यांनी मागं बसून 'आमेन' म्हणायचं. ताई माझ्या शेजारी होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, चिठ्ठीवर दिराचं नाव लिहिलं तर दाव्यात धरतील का?" मी म्हटलं, नाही, पुराव्यात त्याला किंमत नाही. तरी त्यांनी लिहिलं नाही. बरं केलं.

आयोजकांना एक सूचना केली आहे, इथंही लिहून ठेवतो. चिठ्ठ्याच वाटायच्या तर दोन वाटा. दुसरीवर लिहायचं, कुणाची कोणती वस्तू, किती रक्कम, कोणता सर्व्हे नंबर माझ्याकडे अडकलाय. ती ठोकायची नाही, खिशात ठेवायची आणि सोमवारी घेऊन बाहेर पडायचं.

किरकोळ : फाईलमध्ये संदर्भ छापताना दोन ठिकाणी अध्याय आणि वचन उलटे पडलेत, बायबल सोबत न्या म्हणजे ताडून बघता येईल. प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटं फार कमी. भडंग चांगलं होतं पण ज्येष्ठांच्या दातांचा विचार व्हावा. ख्रिस्ती नसलेल्यांनी बिचकू नये, कुणी बाप्तिस्म्याचा विषय काढत नाही. चालू दावा असलेल्यांनी तर जरूर जावं, फक्त वकिलाची फी या तीनशेत धरू नये.

नाव नोंदवताना करिंथकरांचा सहावा अध्याय यंदा घेणार का, एवढं आधी विचारून घ्या. हो म्हणाले तर मला कळवा, मीही परत तीनशे भरतो.